ठाण्याची वकिलात आणि रिकामी पालखी

आमच्या मामंजींना सारे ठाणे वकीलसाहेब म्हणत असे, पण ते जन्मात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. हळदीकुंकवाला नव्या ओळखीच्या बायका मला विचारीत, "खुनाचेही खटले घेतात का हो तुमचे सासरे?" मी मान हलवून गप्प बसे. चारचौघींत मला बोलायला सुचत नाही, आणि खरे सांगायला बसले असते तर ओटी भरायची राहून गेली असती. आता या मासिकाच्या संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी 'आपल्या कामाविषयी लिहा' असे कळवले आहे, म्हणून लिहिते. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही, हे मला सोयीचे पडते.

आमचे मामंजी कोर्टातले वकील नव्हते, दरबारचे वकील होते. एका राज्याने दुसऱ्याकडे आपल्या वतीने बोलायला ठेवलेला माणूस, तो वकील. आणि त्याचे बिऱ्हाड, कचेरी, माणसे मिळून वकिलात. आमचे राज्य एवढेसे होते. डोंगर, साग, नाचणीची खाचरे आणि एक राजवाडा. त्याचे नाव इथे देत नाही, कारण त्याचे कागद अजून माझ्या हातून जातात. जिल्ह्याचे कलेक्टरच सरकारच्या वतीने त्या संस्थानावर देखरेख करीत. त्या कामापुरते त्यांना एजंटसाहेब म्हणायचे. राजेसाहेबांना सरकारशी जे बोलायचे ते एजंटसाहेबांशी, आणि तेही वकिलाच्या तोंडून. म्हणून तलावाच्या काठी दरबारने एक दुमजली घर बांधून दिले होते. खाली वकिलात, वर आम्ही.

एका वर्षी ही वकिलात बंद होऊन मामंजींचे काम आणि त्याबरोबर माझेही काम जायचे ठरत आले होते. जायच्या कागदाचे इंग्रजी मीच केले. ती हकीकत सांगायची आहे. पण आधी मी या कामात शिरले कशी, ते सांगते.

माझे वडील मुंबईस गोदीत कामाला. त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातले, जिथे हिशेबापासून शिवणापर्यंत सारे इंग्रजीत शिकवीत. लग्न होऊन ठाण्यास आले तेव्हा माझे इंग्रजी सासरी कोणाच्या उपयोगाचे नव्हते. आमचे हे तारखात्यात कराचीस. पत्र मराठीतच लिहावे अशी त्यांची इच्छा. मी पापड लाटत होते, आणि माझे त्यात वाईट चालले नव्हते.

मग वकिलातीतला इंग्रजी कारकून मुंबईच्या एका पेढीत निघून गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात एजंटसाहेबांचे पाकीट आले. मामंजी मोडी अशी लिहीत की बघत राहावे, पण इंग्रजी त्यांना ऐकून समजे तेवढेच. ते पाकीट घेऊन जेवायला बसले. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "सूनबाईला येतं की."

मामंजींनी भात कालवला. थोड्या वेळाने म्हणाले, "तिला म्हणावं, वाचून ठेव."

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. सून सासऱ्यासमोर बसत नसे, समोर बोलतही नसे. हे आमच्याच घरी होते असे नाही, पण आमच्या घरी ते काटेकोर होते. मामंजी ओटीवर, मी माजघरात दाराआड, आणि उंबऱ्याजवळ भाजी निवडीत सासूबाई. मामंजी म्हणत, "तिला विचार, साहेब काय म्हणतो." मला ऐकू आलेलेच असे. तरी सासूबाई मान वळवून म्हणत, "काय म्हणतो गं साहेब?" मी त्यांच्या कानाशी सांगे, त्या ओटीकडे तोंड करून सांगत. दरबारची कामे अशीच चालली. कारकून नाना खाली मोडी नक्कल करी, मी वर इंग्रजी, आणि मध्ये सासूबाईंची गवार.

पहिलेच मोठे प्रकरण खुर्चीचे. कलेक्टरकचेरीत काही समारंभ होता, आणि राजेसाहेबांच्या धाकट्या भावाला हातांची खुर्ची द्यायची की बिनहातांची, असा प्रश्न निघाला. बाहेरच्याला हसू येईल. पण लहान राज्यापाशी तोफा नसतात, फौज नसते. जो काही मान असतो तो खुर्चीच्या हातांतच असतो. यंदा हात गेले की पुढल्या साली पाठ जाते. मामंजींनी मोठा मजकूर सांगितला. त्यात राजेसाहेबांचे पणजोबा होते, एक जुनी लढाई होती, आणि शेवटी 'हुजूर मायबाप आहेत' होते. मी ऐकून घेतले आणि सासूबाईंच्या कानात म्हटले, "साहेब एवढं वाचणार नाहीत. कंटाळून बिनहातांची देतील."

सासूबाईंनी गवारीचे शेंडे मोडीत ओटीकडे सांगितले, "ती म्हणते, मजकूर फारच उत्तम उतरलाय. साहेबाचे डोळे अधू आहेत म्हणतात, तेव्हा थोडक्यात लिहू का?"

साहेबांचे डोळे ससाण्यासारखे होते. पण मामंजी म्हणाले, "अधू असतील तर लिही म्हणावं." मी चार ओळी लिहिल्या: पूर्वीच्या साहेबांनी हातांची खुर्ची दिली होती, आपणही तीच द्याल याची दरबारला खात्री आहे. खुर्ची आली. मामंजींनी मला शाबासकी दिली नाही. मात्र त्यानंतर जेवताना पहिला आंबा कापला की "तिच्यासाठी ठेव" असे म्हणू लागले.

या धंद्यात दोनच गोष्टी लागतात असे मला वाटते. समोरच्याच्या पत्रात काय लिहिलेले नाही ते वाचता यावे, आणि आपले म्हणणे त्याला स्वतःचे वाटेल असे मांडता यावे. पहिली मी साहेबांची पत्रे वाचून वाचून शिकले. दुसरी सासूबाईंकडून.

आता वकिलातीतल्या माणसांविषयी. वकील एक, चिटणीस एक, नाना आणि आणखी दोन कारकून, चांदीची काठी धरणारा चोपदार, कागद पोचवणारे जासूद, मशाल नसलेला मशालजी, आणि पालखीचे भोई. पालखी लाल बनातीची होती. ती राजेसाहेबांच्या मानाची. ते स्वतः ठाण्यास आले तरच त्यांनी बसायचे, आणि ते कधी येत नसत. तरी वकील कलेक्टरकचेरीत निघाले की पुढे चोपदार, मग मामंजी पायी, आणि त्यांच्या मागून रिकामी पालखी. कचेरी हाकेच्या अंतरावर होती. भोई कळव्याकडचे, मिठागरांत आणि शेतात राबणारी माणसे. वकिलातीच्या चाकरीबद्दल त्यांच्या वाडवडिलांना डोंबिवलीजवळ भाताची एक पट्टी दिलेली होती. त्यांचा म्होरक्या सोमा. पालखी ओट्याला टेकवली की तो वर बघून म्हणे, "बाय, राजाला पानी दे जरा," आणि रिकाम्या पालखीकडे बोट दाखवी. मी दाराआडून हसे आणि तांब्या खाली पाठवी.

मला हे सगळे पाहून वाटे की अर्ध्या माणसांचे इथे काम नाही. वाटले तरी कोणाला सांगितले नाही. सून होते, आणि अशा गोष्टी कोणी विचारीत नाही.

मग दरबारात नवे कारभारी आले. त्र्यंबकराव बी.ए., तरुण, सरकारी नोकरीतून मागून घेतलेले. त्यांनी एकदम सारे दप्तर उघडले आणि वकिलातींची नवी व्यवस्था लिहून काढली. वकिली वंशपरंपरा चालायची नाही. माणूस पारखून नेमायचा. प्रत्येकाला नेमून दिलेले काम, कामाला बांधलेला पगार, कोणाकडून बक्षिसी घ्यायची नाही. चोपदार, मशालजी, भोई, सारे कमी. आणि मुख्य कलम: ठाण्याची वकिलात बंद करून मुंबईस एकच वकिलात ठेवायची, तीही इंग्रजी जाणणाऱ्या माणसाकडे, कारण सरकारचे राज्य मुंबईहून चालते. व्यवस्थेला एजंटसाहेबांची मंजुरी हवी, म्हणून तिचे इंग्रजी करून पाठवा असा मामंजींना हुकूम आला.

मामंजींनी तो कागद ओटीवर बसून मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर घडी केली आणि म्हणाले, "तिला म्हणावं, लिही."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, पण हे तर तुमचंच—"

"दरबारचा हुकूम आहे. माझं असो की आणखी कुणाचं."

मी लिहायला बसले. चांगले लिहिले. मन दुसरीकडे असले की इंग्रजी बिघडते, म्हणून मन तिथेच ठेवले. लिहिता लिहिता लक्षात आले की मला यातले बहुतेक पटते आहे, आणि हे लक्षात येणे काही सुखाचे नव्हते. कागद पुरा झाला तेव्हा मामंजी उंबऱ्याच्या पलीकडे येऊन उभे राहिले.

"तिला विचार," ते सासूबाईंना म्हणाले, "कशी आहे व्यवस्था."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांनी त्या सांगत होत्या की आता सांभाळून बोल. मी त्यांच्या कानात म्हटले, "चांगली आहे. एक कलम सोडून."

त्या वेळी पहिल्यांदाच सासूबाईंनी माझे शब्द जसेच्या तसे ओटीवर पोचवले.  मामंजी म्हणाले, "कुठलं कलम?"

"मुंबईचं," सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत सांगत गेल्या. "ती म्हणते, मुंबईला पत्र गेलं की ते मुंबईवाले इथल्या साहेबालाच विचारतात. मग इथल्या साहेबाला वाटतं, आपल्याला डावलून वर गेले."

"हे मी कारभाऱ्यांना लिहिलं असतं," मामंजी म्हणाले, "तर ते म्हणाले असते, म्हातारा आपली गादी राखतोय." आणि ते खाली निघून गेले. ते बरोबर बोलत होते. ज्याची जागा जाणार त्याने ती जाऊ नये म्हणून सांगितलेले खरे कारणही कोणी खरे धरीत नाही.

त्र्यंबकरावांना मात्र दम नव्हता. मंजुरी येण्याआधीच त्यांनी महत्त्वाची पत्रे टपालाने थेट मुंबईस पाठवायला सुरुवात केली. थंडी सुरू झाली तशी ते स्वतः ठाण्यास आले; वकिलातीतली माणसे पाहून कोणाला मुंबईस न्यायचे ते ठरवायला. गोरे, चष्मेवाले, बोलायला गोड. बरोबर एक लोखंडी हातोडा होता. संस्थानातून बाहेर जाणाऱ्या सागावर ठोकायची खूण त्यांनी बदलली होती. जुनी खूण चोरांच्याही ओळखीची झाली होती, आणि नवी मुंबईच्या कारखान्यातून कोरून आणलेली. हातोडा ओटीवर ठेवून ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या कचेरीतलं इंग्रजी फार स्वच्छ असतं. तो कारकून मला मुंबईला हवा."

मामंजींनी पानाचा डबा पुढे केला. "पान घ्या."

"घेतो. कारकून कोण?"

"आमची सून," मामंजी म्हणाले.

 त्र्यंबकरावांनी थोडे हसून पाहिले, मग मामंजी हसत नाहीत हे पाहून गप्प झाले. पुढे काय विचारणार होते कोण जाणे, तेवढ्यात जासूद धापा टाकीत आला. एजंटसाहेबांची चिठ्ठी होती.

साहेब थंडीत ठाण्यास राहत नसत. तंबू, घोडे आणि सारी कचेरी घेऊन जिल्हाभर फिरत. तेव्हा मुक्काम शीळच्या आमराईत होता. चिठ्ठी नेहमीपेक्षा आखूड होती. कल्याणच्या जंगल-नाक्यावर संस्थानाच्या सागाच्या गाड्या अडवल्या आहेत. लाकडावरची खूण कोणी ओळखत नाही. उद्या सकाळी मुक्काम हलण्यापूर्वी समाधान झाले नाही तर लाकूड जप्त.

"खूण बदलल्याचं पत्र गेलं होतं ना?" मामंजींनी विचारले.

"गेलं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "मुंबईला."

 मग त्र्यंबकराव उठले. "मी आत्ता मुंबईला तार करतो."

"तारेचं उत्तर येईतो लाकूड सरकारजमा," मामंजी म्हणाले. "शीळला गेलं पाहिजे. आजच."

"मग मी येतो, मीच लिहितो."

"तुमची साहेबांशी भेट झालीय?"

झाली नव्हती. नव्या कारभाऱ्याला वकिलाने अत्तरपान घेऊन साहेबांपुढे न्यायचे अशी रीत होती, आणि तीही व्यवस्थेत फाटा दिलेल्या गोष्टींपैकीच एक होती. न नेलेल्या माणसाला साहेब तंबूत घेत नसत.

"तुम्ही आमराईत बसा," मामंजी म्हणाले. "लिहायला या, हरकत नाही. पण माझं इंग्रजीही बरोबर घेतो." आणि सासूबाईंकडे वळून, "तिला तयार व्हायला सांग. दौत, टाक, पाटी घे म्हणावं."

सासूबाईंचे गुडघे त्या दिवसांत धरलेले होते. "मला कुठं गाडीत हिंदकळवता? आणि ती पोर एकटी छावणीत बसणार कुठं? गाड्या तर आमराईबाहेर उभ्या करतात म्हणे."

मामंजींनी खाली अंगणात पाहिले. "पालखी आत जाते," ते म्हणाले.

राजेसाहेबांच्या पालखीत अशी मी बसले. चोपदार घाबरून म्हणाला, "वकीलसाहेब, राजेसाहेबांना कळलं तर?" मामंजी म्हणाले, "दरबारचं काम आहे, दरबारची पालखी आहे. दरबारचं इंग्रजी तिच्यात बसलंय." लाल पडदा पडला. भोयांनी उचलले, आणि बाहेरून सोमाचा आवाज आला, "आरं, हिला वजान हाय रं." बाकीचे हसले. कळव्याचा पूल ओलांडताना खाडीचा खारा वारा पडद्यातून आत आला. पुढे मुंब्र्याचा डोंगर उजवीकडून डावीकडे सरकला की मीच झोपाळ्यासारखी हलले ते समजेना. मी पाटी घट्ट धरून बसले होते. आपण काय लिहिणार याचा मला काही पत्ता नव्हता.

शीळच्या फाट्याजवळ आमराईत तंबू लागलेले होते. शिपायाने मामंजींची बैलांची दमणी बाहेर थांबवली. पालखीपुढे चोपदाराची काठी पाहून तो बाजूला झाला, आणि साहेबांच्या तंबूच्या दोरीपर्यंत मला नेऊन टेकवले. त्र्यंबकराव एका आंब्याखाली बसून लिहू लागले. त्यांचा कागद मोठा झाला, आणि कायद्याने तो बिनतोड होता. मी नंतर वाचला. दरबारला खूण बदलायचा हक्क आहे, पत्र वेळेवर गेले आहे, चूक नाक्यावरच्या लोकांची आहे. मामंजी तो घेऊन आत गेले, आणि लगेच बाहेर आले.

मला पडद्यातून त्यांचे जोडे दिसत होते. ते पालखीजवळ येऊन थांबले. मग जोडे इकडे वळले, तिकडे वळले. मला कळले ते काय शोधत होते. सांगायला मध्ये कोणी नव्हते. चोपदार दूर, भोई झाडाखाली. सासूबाई ठाण्यास.

 शेवटी ते पडद्याशीच बोलले. "सूनबाई."

मी 'जी' म्हटले. माझे मलाच ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा म्हटले.

"साहेबांनी कागद वाचून परत दिला. म्हणाले, हक्क मला ठाऊक आहेत." थोडे थांबून, "रागावलेले नाहीत. रागावले की ते उठून उभे राहतात. आज बसूनच होते, खिडकीकडे बघत. दुखावलेत."

"मग त्यांना समजावून उपयोग नाही, मामंजी," मी म्हटले. "त्यांना विचारायला हवं."

"काय विचारायचं?"

"खूण बरी आहे का, ते."

जोडे हलले नाहीत. "खूण तर झालीय."

"झालीय. पण त्यांना दाखवली नाही. हातोडा कारभाऱ्यांनी बरोबर आणलाय. खूण आधी आपल्याला दाखवायला हवी होती, ती आणली आहे. पाहून योग्य वाटल्यास नाक्यांना कळवावे, असं लिहिते. हक्काचं नाव काढत नाही. मुंबईचंही नाही."

"'हवी होती' म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल. दरबारनं चूक कबूल करायची नसते."

"मग 'दाखवायला आणली आहे' एवढंच लिहिते. आधी का आणली नाही ते त्यांनी विचारू नये म्हणून वरती त्यांच्या दौऱ्याची खुशाली विचारते."

पडद्यापलीकडे मामंजी हसले. मी त्यांना हसताना तोवर ऐकले नव्हते. "लिही," ते म्हणाले. 'तिला म्हणावं' नव्हते.

मी मांडीवर पाटी घेऊन लिहिले. पडदा जरासा सारून कागद बाहेर दिला, तो त्यांनी माझ्याकडे न बघता घेतला. पुढचे मी पडद्याच्या फटीतून पाहिले. साहेब कागद हातात घेऊन तंबूबाहेर आले. शेकोटीसाठी रचलेल्या लाकडांतला एक ओंडका त्यांनी पायाने पुढे ओढला आणि हातोडा मागितला. स्वतः ठोकला. वाकून खूण बघितली, पुन्हा ठोकला, आणि मामंजींना मराठीत म्हणाले, "जुन्या खुणेपेक्षा बरी आहे, वकील." मामंजी म्हणाले, "हुजुरांनी पाहिली, आता ती खूण झाली." नाक्याला हुकूम तिथेच लिहिला गेला. मग साहेबांनी आंब्याखाली बोट दाखवून विचारले, ते कोण. आणि मामंजींनी, जणू त्यासाठीच आलो होतो अशा थाटात, कारभाऱ्यांना रीतसर पुढे नेले. अत्तरदाणी त्यांनी कमरेच्या शेल्यात ठेवून आणली होती.

परतताना पालखी टेकवली तेव्हा सोमा खांदा चोळीत मला म्हणाला, "बाय, एवरी वरसं आमी वारा वाह्यला. आज पयल्यांदा मानूस."

त्र्यंबकराव मोठ्या मनाचे होते, हे मला सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून त्यांनी आपल्या व्यवस्थेतले मुख्य कलम आपल्या हाताने खोडले. मुंबईची वकिलात रद्द, ठाण्याची कायम. साहेब थंडीत जिथे तंबू ठोकतील तिथे वकिलाने जायचे, हे नवे कलम. वकील एक, मोडीला नाना, जासूद दोन. "आणि इंग्रजीला," ते दाराकडे बघून म्हणाले, "काय लिहू?" एजंटसाहेबांकडून बाईमाणसाची नेमणूक मंजूर होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. मामंजी म्हणाले, "इंग्रजीचं काम वकिलांच्या घरून व्हावं, असं लिहा." तसे लिहिले गेले. त्याचे इंग्रजी मीच केले, आणि असे केले की ते घर सोडून ते काम दुसरीकडे नेता येऊ नये. अजून कोणाला नेता आलेले नाही.

बाकीची व्यवस्था जशी होती तशीच राहिली. चोपदार गेला, मशालजी गेला, भोई कमी झाले. पालखी एकदा उपयोगी पडली म्हणून जन्मभर भोई पोसावेत असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण ज्यांच्या खांद्यावर बसून मी माझे काम राखले त्यांना काढायचा कागद माझ्याच अक्षरात निघायचा होता, आणि तो काही लवकर निघेना. व्यवस्थेप्रमाणे चाकरी गेली की चाकरीची जमीनही गेली. म्हणजे डोंबिवलीची भातपट्टी.

एजंटसाहेबांकडे जायच्या त्या कागदाचा मजकूर मला कोणी सांगितला नाही. मी आपल्या मनाने लिहिला. भोयांची चाकरी संपली आहे. त्यांच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. त्यांनी दरबारचा मान कोणी बसलेले नसतानाही कधी वाकडा होऊ दिला नाही. सबब पट्टी त्यांच्याच नावे चालवावी, अशी दरबारची इच्छा आहे. दरबारने अशी इच्छा अजून केलेली नव्हती. ती त्र्यंबकरावांकडून करवून घ्यावी लागणार होती, आणि त्यासाठी आधी मामंजी.

कागद सासूबाईंच्या हाती दिला. मामंजी ओटीवर सुपारी कातरीत होते. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "वाच."

सासूबाई नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळल्या. पण मामंजी दाराकडे बघत होते. मी दाराआडूनच, पण मोठ्याने, एकेक वाक्य मराठी करून वाचले. शेवटच्या वाक्याला अडकित्ता थांबला.

"दरबारची इच्छा?" ते म्हणाले.

"कारभारी परवापर्यंत इथं आहेत, मामंजी," मी म्हटले. "होईल."

त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "सूनबाई, जाऊ दे हा असाच. कारभाऱ्यांशी मी बोलतो."

पट्टी सोमाच्या लोकांकडेच राहिली. पण मला आठवतो तो त्या दिवसाचा माजघरातला क्षण. सासूबाई निवडलेली गवार परातीत सारीत उठल्या. "सगळ्यांच्या जागा बघितल्या," त्या म्हणाल्या, "माझी खालसा झाली ती कुणाच्या कागदात नाही."

त्या रागावल्या असतील असे मला वाटले. त्या चुलीपाशी गेल्या, पाने मांडली, आणि ओटी चार पावलांवर असताना मला हाक मारून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पान वाढलंय."

मी दारापर्यंत गेले आणि सांगितले.